आधी अभ्यास, मग प्रवेश

पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रचलित व्यवस्थेत विद्यार्थ्याची पात्रता आधी तपासली जाते आणि शिकवणे त्यानंतर सुरू होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेने अर्थशास्त्र व विकासधोरण या विषयांतील आपल्या ‘मायक्रोमास्टर्स’ प्रमाणपत्रापुरता हा क्रम उलटा केला. एमआयटीचा अर्थशास्त्र विभाग आणि अब्दुल लतीफ जमील पॉव्हर्टी अॅक्शन लॅब, संक्षेपाने जे-पाल, यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या या ऑनलाइन शिक्षणक्रमासाठी पूर्वीची पदवी लागत नाही की प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाही.

प्रमाणपत्रासाठी पाच अभ्यासक्रम उत्तीर्ण व्हावे लागतात. मूळ रचनेत त्यांपैकी दोन जागतिक दारिद्र्य व विकासधोरण यांविषयीचे होते आणि तिसरा सूक्ष्म अर्थशास्त्राचा, म्हणजे ग्राहक, उत्पादक व बाजार यांच्या वर्तनाच्या गणिती विवेचनाचा होता. चौथ्यात संभाव्यता व संख्याशास्त्र यांच्या जोडीला ‘आर’ या संगणकीय भाषेत आकडेवारी हाताळणे शिकवले जाई, तर पाचव्याचा विषय यादृच्छिक मूल्यमापन हा होता. यादृच्छिक मूल्यमापन म्हणजे एखादी योजना कोणाला मिळावी हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवून, ती मिळालेल्या व न मिळालेल्या गटांतील फरकावरून तिचा परिणाम मोजण्याची पद्धत होय. साप्ताहिक गृहपाठाखेरीज प्रत्येक अभ्यासक्रमाची निरीक्षित परीक्षा, म्हणजे ओळख पटवून देखरेखीखाली द्यायची परीक्षा, असते. आरंभी तिचे शुल्क शिकणाऱ्याच्या उत्पन्नानुसार १०० ते १,००० डॉलर असे ठरवले जात होते.

या पाचव्या विषयाचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. जे-पालच्या २००३ मधील संस्थापकांपैकी अभिजित बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा, आणि त्यांनी एस्तेर डफ्लो व इतर सहकाऱ्यांसह मुंबई व वडोदरा येथील शाळांत ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाचे मूल्यमापन केले होते. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी, म्हणजे बालसखी, शाळेच्या वेळेत रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन व अंकगणित शिकवी. काही शाळांत ती एका इयत्तेला, तर उरलेल्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला दिल्यामुळे दोन्ही गटांची परस्परांशी तुलना करता आली आणि मुलांची गुणवत्ता सुधारल्याचे दिसले. या प्रयोगनिष्ठ पद्धतीसाठी बॅनर्जी, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मायक्रोमास्टर्स ही पदवी नव्हे. मात्र ते मिळवणाऱ्यास एमआयटीच्या संमिश्र पदव्युत्तर पदवीसाठी अर्ज करता येतो, आणि निवड झाल्यास ऑनलाइन अभ्यासाचे श्रेयांक धरले जाऊन प्रत्यक्ष परिसरातील एक सत्र व त्यानंतरचे प्रकल्पकार्य एवढेच उरते. या पदवीची पहिली तुकडी २०२० मध्ये तेथे दाखल झाली. अशा रीतीने, पूर्वी कोणत्या महाविद्यालयात शिक्षण झाले यापेक्षा प्रत्यक्ष अभ्यास पेलता आला की नाही, हा पुरावा निवडीच्या मुळाशी येतो.

तरीही दार उघडे असणे आणि उंबरठा नसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. कलनाची ओळख आणि इंग्रजीतील व्याख्याने समजण्याची क्षमता यांची तयारी शिकणाऱ्याने स्वतःच करून यायची असते. बालसखीच्या वर्गात मूल जेथे असेल तेथून शिकवणे सुरू होत असे. येथे विषय ठरलेल्या पातळीवरून सुरू होतो आणि तेथवर पोहोचण्याचे काम ज्याचे त्याच्यावर राहते.