शेवाळाच्या तेलाचें शोधन

शेवाळापासून तेल निघतें, ही वार्ता आतां नवी राहिलेली नाहीं. पडीक जमिनींत तळीं बांधावीं, खारें पाणी भरावें आणि धान्याऐवजीं तेल पिकवावें, असे बेत अधूनमधून शेतकऱ्यांपुढें येतात. परंतु शेवाळांतून सुटलेलें तेल आणि यंत्रांत चालणारें इंधन यांत मोठें अंतर आहे. त्या अंतराची माहिती आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिली अडचण पाण्याची. उघड्या तळ्यांत हजार किलो पाण्यामागें सुकें शेवाळ अर्धा-एक किलोच भरतें. तें वाळवूं गेल्यास वाळविण्यांतच पुष्कळ जळण खर्ची पडतें. यावर अमेरिकेंतील रिचलंड येथील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २०१३ सालीं एक रीत पुढें मांडली. तळ्याचें पाणी बरेंच काढून उरलेला ओला लगदा न वाळवितां सुमारें ३५० अंश सेंटिग्रेड उष्णतेंतून व हवेच्या सुमारें २०० पट दाबाखालून सतत वाहूं द्यावयाचा. तासाभराच्या आंत त्यांतून दाट, काळें तेल सुटें होतें.

दुसरी अडचण नत्राची, आणि खरी मेख येथेंच आहे. इतर पिकांप्रमाणें शेवाळासहि नत्राचें व स्फुरदाचें खत द्यावें लागतें. हाच नत्र पुढें तेलांत उतरतो. खनिज तेलांत तो शेंकडा एकाहून क्वचितच अधिक असतो. या कच्च्या तेलांत शेंकडा ४ ते ६ पर्यंत आढळतो, आणि प्राणवायूहि बराच असतो. प्राणवायूमुळें तेल साठवणींत घट्ट होत जातें. नत्रामुळें धूर अपायकारक होतो.

हे दोष काढण्याकरितां तेल हायड्रोजन वायूसह, मोठ्या दाबाखालीं, सुमारें ४०० अंशांवर मॉलिब्डेनम व निकेल किंवा कोबाल्ट यांच्या गंधकयुक्त उत्प्रेरकावरून नेतात. प्राणवायूचें पाणी होतें, नत्राचा अमोनिया होतो. उरलेल्या तेलांतून पेट्रोल, विमानाचें इंधन व डिझेल ऊर्ध्वपातनानें वेगळीं करतां येतात. मात्र नत्र सहजासहजीं सुटत नाहीं, हायड्रोजन फार लागतो, आणि शेवाळांतील लोहादि क्षार उत्प्रेरकाचीं छिद्रें बुजवितात. शिवाय हायड्रोजन आजहि बहुतांशीं नैसर्गिक वायु व कोळसा यांपासूनच काढतात. तात्पर्य, एकाच नत्राची किंमत दोनदां मोजावी लागते: घालतांना एकदां, काढतांना पुन्हां.

अमेरिकन सरकारनें १९७८ सालीं सुरू केलेलें शेवाळ-संशोधन खर्चाचा मेळ न बसल्यानें १९९६ सालीं थांबविलें. एक्सॉनमोबिल कंपनीनें २००९ सालीं हातीं घेतलेलें काम २०२३ च्या सुमारास सोडलें. आपल्याकडेहि २००३ नंतर मोगली एरंडाच्या डिझेलचा गाजावाजा झाला. २०१७ पर्यंत शेंकडा २० जैवइंधन मिसळण्याचें २००९ च्या धोरणांतील उद्दिष्ट डिझेलच्या बाबतींत दूरच राहिलें.

यावरून ही विद्या निष्फळ असें आम्ही म्हणत नाहीं. तेल सुटल्यावर उरणाऱ्या पाण्यांत पुष्कळ नत्र व स्फुरद असतें. तें तळ्यांत परत सोडतां येतें. शहराच्या सांडपाण्यावर शेवाळ वाढविल्यास खताचा खर्चहि वांचतो. तेथें आशेला जागा आहे. परंतु कोणी शेतकऱ्याकडे जमीन वा भांडवल मागूं लागल्यास त्यानें तीन प्रश्न अवश्य विचारावेत: नत्र कोठून आणणार, हायड्रोजन कोणत्या दरानें घेणार, आणि कच्चें तेल कोणता शुद्धीकरण कारखाना लेखी करारानें विकत घेणार? उत्तरें मिळेपर्यंत जमीन पिकाखालींच ठेवावी, हें बरें.