एका यंत्रांतील निराळीं मार्गकोष्टकें

संगणकांच्या जाळ्यांत संदेशाचा पत्ता पाहून त्यास पुढील वाट दाखविणारें जें यंत्र, त्यास राऊटर म्हणतात. ह्या वाटांची नोंद त्याच्या मार्गकोष्टकांत असते. एकाच राऊटरांत अशीं अनेक कोष्टकें परस्परांस अपरिचित ठेवितां येतात. अशा प्रत्येकास 'व्ही. आर. एफ.' ही संज्ञा आहे.

समजा, एका महाविद्यालयाची एक शाखा नांदेडास व दुसरी लातुरास आहे. नांदेडास परीक्षा विभाग व वाचनालय एकाच राऊटरास जोडलेले, परंतु कोष्टकें निराळीं. म्हणून वाचनालयांतून गुणपत्रकांपर्यंत वाटच नाहीं. आतां दोघांसही एकच मुद्रणयंत्र हवें. मग कोष्टकें एकत्र करावीं काय? छे! तसें केल्यास गुणपत्रकांचें द्वार उघडें पडेल.

उपाय असा: मुद्रणयंत्रास तिसरें कोष्टक द्यावें. त्याचा मार्ग दोन्ही विभागांस कळवावा व दोघांचे मार्ग त्यास कळवावे. कारण उत्तरासही परतीची वाट लागते. परीक्षा विभाग व वाचनालय मात्र परस्परांस अपरिचितच राहतात. लातुराकडील राऊटरास हे मार्ग पाठवितांना त्यांवर 'रूट टार्गेट' नांवाची खूण करितात. ज्या कोष्टकास ती खूण घेण्याची आज्ञा असेल, तेंच तो मार्ग स्वीकारितें. ही पद्धति १९९९ सालीं प्रसिद्ध झाली व २००६ सालीं तिचें सुधारलेलें रूप आलें.

एक सावधगिरी मात्र हवी. दोन्ही विभागांत एकच पत्ता असल्यास उत्तर कोणाकडे न्यावें, हें राऊटरास कळणार नाहीं. म्हणून पत्ते आधीं तपासावे, आणि हवी तितकीच वाट द्यावी.