ब्रँड जातो, वस्तू कुठे जाते?

‘आताच्या वस्तूंत पूर्वीचा दम नाही,’ हे वाक्य मोबाइल दुरुस्तीच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत कुठेही कानावर पडतं, आणि त्याला सहसा कुणी हरकत घेत नाही. बोलणाऱ्याच्या मनात कधी नोकियाचा फोन असतो, कधी बजाजची चेतक, कधी व्हिडिओकॉनचा टीव्ही. कंपनी बुडाली किंवा तिचं नाव दुसऱ्याला विकलं गेलं की हे मत आणखी घट्ट होतं. या मताची टिंगल करणं सोपं आणि त्याला मान डोलावणं त्याहून सोपं. पण नीट ऐकलं तर त्यात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या आढळतात. एक अशी, की वस्तू टिकत नाही. दुसरी अशी, की पैसे मोजून घेतलेली वस्तूही आपल्या कह्यात येत नाही. ती उघडता येत नाही, आपल्या सोयीने लावून घेता येत नाही. पहिली तक्रार बरीचशी स्मरणाची करामत आहे. दुसरी खरी आहे, आणि नेमकी तीच पहिलीच्या गोंगाटात हरवते. या दोन्ही सुट्या करून पाहायच्या तर नगरमध्ये जन्मलेल्या एका गाडीइतकं चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

1972 मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या कारखान्यातून ‘लूना’ बाजारात आणली. कंपनीचे संस्थापक ह. कु. फिरोदिया यांचं घराणं नगरचं. वडील कुंदनमल फिरोदिया स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते आणि बंधू नवलमल फिरोदिया यांनी ऑटोरिक्षा भारतीय रस्त्यावर आणण्यासाठी खटपट केली होती. लूनाचा मूळ नमुना इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या 1967 सालच्या मोपेडचा. ती आपल्या रस्त्यांसाठी उभी केली ह. कुं.चे चिरंजीव अरुण फिरोदिया यांनी. त्याच वर्षी बजाजची चेतकही आली, पण परवान्यांच्या त्या काळात स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. सायकल पुरत नाही आणि स्कूटर मिळत नाही किंवा परवडत नाही, अशा लोकांची संख्या मोठी होती, आणि लूना त्यांची झाली. पुढे ‘चल मेरी लूना’ या जाहिरातीने तिला घराघरांत नेलं. जाहिरातकार पियूष पांडे यांच्या अगदी सुरुवातीच्या गाजलेल्या कामांपैकी ते एक. कंपनीच्याच सांगण्यानुसार भरभराटीच्या काळात दिवसाला दोन हजारांवर लूना विकल्या जात.

ही गाडी जवळून पाहिली तर तिच्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. 50 सीसीचं एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाही, सायकलसारखी पॅडल. स्टँडवर चढवून पॅडल मारायचं, इंजिनाने धरलं की निघायचं. पेट्रोल संपलं तर पॅडल मारतच पंप गाठायचा. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागे. ते जास्त झालं की प्लगवर काजळी धरे आणि गाडी फटफट करून भर रस्त्यात बसून राही. मग प्लग-पान्याने प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारून पुन्हा बसवायचा. मिस्त्री गाठायची गरजच नसे, आणि गाठलाच तर त्यालाही या कामात काही गुपित नसे. हँडल आणि सीट यांच्यामधल्या मोकळ्या जागेत धान्याचं पोतं किंवा गॅसची टाकी बसे. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालणं हा ज्या जिल्ह्याचा दिनक्रम, तिथे वेल्डरकडून मागे जाड कॅरिअर आणि दोन्ही अंगांना कॅन अडकवायचे हूक करून घेणं ओघानेच आलं. कारखान्यातून निघताना सगळ्या लूना सारख्या असत; वर्षभरात प्रत्येक लूना मालकाच्या धंद्यासारखी दिसू लागे.

मग ती का गेली? लोकांचं ठरलेलं उत्तर असं, की माल घसरला. पुरावा वेगळं सांगतो. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि कमी पेट्रोलात लांब पल्ला मारणारी फोर-स्ट्रोक मोटरसायकल मध्यमवर्गाच्या आवाक्यात दिसू लागली. 1991 नंतर हप्त्यावर गाडी घेणं सोपं झालं, तेव्हा लूनाचा स्वस्तपणा तितकासा मोलाचा राहिला नाही. मुली-महिलांसाठी आधी स्कूटी आणि 2001 मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली. नव्वदच्या दशकात धुराचे नियम कडक होत गेले, आणि ऑइल जाळणाऱ्या टू-स्ट्रोकला ते जड गेले. खुद्द कायनेटिकचं लक्षही विभागलं होतं: 1984 मध्ये होंडाशी भागीदारी करून तिने बटणस्टार्ट, बिनगिअरची कायनेटिक होंडा आणली. 1998 मध्ये होंडा बाहेर पडली, आणि 2008 मध्ये दुचाकीचा हा धंदा महिंद्राकडे गेला. यात ‘दर्जा घसरला’ हे कारण कुठेच ठळकपणे येत नाही. गरज बदलली, कायदा बदलला, भागीदार बदलला.

यावर कुणी म्हणेल, मग मोपेडचा जमानाच संपला, त्यात हळहळण्यासारखं काय? पण तसंही झालेलं नाही. टीव्हीएसने 1980 मध्ये आणलेली मोपेड वेगवेगळ्या रूपांत चालूच राहिली. 2015 मध्ये तिला फोर-स्ट्रोक इंजिन मिळालं, 2020 चे धुराचे बीएस-6 नियमही तिने पार केले, आणि एक्सएल 100 आजही रस्त्यावर ओझी वाहते. त्या कंपनीने इंजिन बदललं, पण पोतं ठेवायची मोकळी जागा आणि मागचा सपाट कॅरिअर यांना हात लावला नाही. म्हणजे लोकांना हवी होती ती मोकळी जागा. गाडीवर कुणाचं नाव लिहिलंय याला दुय्यम महत्त्व होतं. ब्रँडचं मरण आणि वस्तूचं मरण या दोन निराळ्या घटना आहेत, आणि आपण त्या एकाच श्राद्धात उरकतो.

टिकाऊपणाच्या तक्रारीचंही असंच आहे. आज धावताना दिसणारी जुनी चेतक आपण मोजतो. भंगारात गेलेल्या हजारो चेतक मोजायला कुणी जात नाही. जी चालते ती वाकवून, तिरकी करून, किका मारून चालते, हेही आपण प्रेमाने विसरतो. लूना वीस वर्षं टिकली असं सांगणारा माणूस त्या वीस वर्षांत ती किती वेळा उघडली, याचा हिशेब देत नाही. खरं तर तो आकडा हाच तिच्या टिकण्याचा खुलासा आहे. वस्तू मजबूत असण्यापेक्षा दुरुस्त होण्याजोगी असणं मोलाचं होतं. ‘दम’ म्हणून आपण जे आठवतो, त्यातला मोठा वाटा कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचा होता.

हेच चित्र कॉम्प्युटरच्या दुनियेतही उमटतं. गोदरेजने 1955 पासून टाइपरायटर बनवले आणि 2009 मध्ये ते बंद केले. यंत्र गेलं, पण टाइपिंग क्लासमध्ये बोटांना लागलेलं वळण गेलं नाही. रेमिंग्टन नावाची ती जुनी कळमांडणी पुढे कॉम्प्युटरवरही निवडता येऊ लागली, आणि पुण्याच्या सी-डॅकची आयएसएम किंवा मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आपापल्या सवयीचा कळफलक पुढे चालवला. लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे पानं जुळवण्याचा पेजमेकर बराच काळ टिकला. अडोबीने 2001 मध्ये त्याची शेवटची आवृत्ती काढली आणि 2004 मध्ये त्यावरचं काम थांबवलं होतं. नवशिक्याला हा मागासलेपणा वाटतो. पण जुन्या फाँटमध्ये साठवलेला मजकूर युनिकोडमध्ये उघडला की अक्षरांची खिचडी होते, आणि वर्षानुवर्षांच्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका तशाच फायलींत पडलेल्या असतात. त्या माणसाने हट्टापायी जुनं धरून ठेवलेलं नसतं; लूनाला हूक लावणाऱ्यासारखंच त्याने एक अवजार आपल्या कामाच्या मापाचं करून घेतलेलं असतं.

आता घरातल्या कॉम्प्युटरचा पडदा पाहा. वॉलपेपर कुणी शिर्डीच्या साईबाबांचा लावतो, कुणी नातवंडांचा. रंग, आवाज, चिन्हांचा आकार, सगळं बदलता येतं. यावरून वाटतं, हे यंत्र आपल्याला पूर्ण मोकळीक देतं. पण सजावट आणि मांडणी यांत फरक आहे. विंडोज 95 पासून खालची पट्टी, म्हणजे टास्कबार, ओढून पडद्याच्या वर किंवा कडेला नेता येत असे. ऑक्टोबर 2021 मध्ये विंडोज 11 आली तेव्हा ही सोय तिच्यात नव्हती. गोष्ट किरकोळ दिसते, पण पंचवीस वर्षांची सवय मोडताना मालकाला कुणी विचारलं नाही. त्याहून जड प्रसंग 14 ऑक्टोबर 2025 ला आला. त्या दिवशी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज 11 साठी सुरक्षेची विशिष्ट चिप व नवा प्रोसेसर लागत असल्याने धडधाकट चालणारे अनेक कॉम्प्युटर एका तारखेने ‘जुने’ ठरले. लूनाला म्हातारपण गंजाने येई. या यंत्रांना ते परिपत्रकाने आलं. त्यांच्यावर लिनक्स टाकता येतं, आणि आपल्याच सी-डॅकने ‘बॉस’ नावाचं लिनक्स काढलेलं आहे. लिनक्सच्या बऱ्याच डेस्कटॉपवर पट्टी हवी तिथे नेता येते. पण हा मार्ग आहे हे दुकानदार सहसा सांगत नाही.

वस्तू मालकाला उघडता यावी, या म्हणण्यावर दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला असा, की उघड्या वस्तूंचे दिवस गेले ते बरंच झालं: टू-स्ट्रोकचा निळसर धूर आपल्याच फुप्फुसांत जात होता, चिकटवून बंद केलेल्या फोनमध्ये पाणी शिरत नाही, आणि सुरक्षा चिप चोरांना अडवते. हे मान्यच आहे. बीएस-6 च्या इंजिनाला पॉलिश पेपर पुरत नाही, स्कॅनर लागतो, आणि ती किंमत स्वच्छ हवेसाठी मोजावीच लागेल. पण सुरक्षेसाठी जेवढं बंद करणं आवश्यक, त्याहून जास्त बंद करण्याचं समर्थन त्यातून होत नाही. चिप असावी हे पटतं. पट्टी कडेला नेऊ न देण्याने कोणता चोर अडतो? दुसरा आक्षेप असा, की बहुतेकांना काही उघडायचंच नसतं. तेही खरं. लूना घेणारे सगळेच प्लग घासत नव्हते. पण कुणीही घासू शकत असल्यामुळे मिस्त्रीला मनमानी दर लावता येत नसे. उघडण्याची मुभा वापरणारे थोडे असतात. तिचा फायदा न वापरणाऱ्यांनाही मिळतो.

सरकारांनाही हे उशिरा का होईना कळू लागलं आहे. फ्रान्सने जानेवारी 2021 पासून काही विद्युत वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणं सक्तीचं केलं. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू झालं, आणि अशाच गुणांकनाची चौकट सुचवणारा समितीचा अहवाल मे 2025 मध्ये केंद्राकडे आला. विजेच्या वापराचे तारे फ्रीजवर पाहून आपण फ्रीज निवडायला शिकलो; दुरुस्तीचे गुण पाहून फोन निवडायला शिकणं त्याहून अवघड नाही. तोवर दुकानात तीन प्रश्न विचारता येतील: सुटे भाग किती वर्षं मिळतील, बॅटरी कंपनीबाहेरच्या माणसाला बदलता येईल का, आणि सॉफ्टवेअरचा आधार कोणत्या तारखेला संपेल? उत्तर न देणाऱ्या दुकानाला ‘पूर्वीचा दम नाही’ असं खुशाल म्हणावं.

या प्रश्नांची परीक्षा नगरलाच पाहायला मिळणार आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये फिरोदियांच्याच कायनेटिक ग्रीन कंपनीने विजेवर चालणारी ई-लूना आणली. पॅडल गेली, धूर गेला; पुढची मोकळी जागा ठेवली आहे, मागची सीट काढता येते, आणि दीडशे किलो ओझ्याचा दावा आहे. नाव परत आलं याचा आनंद जरूर मानावा, पण नावावर भाळू नये. तिचा सांगाडा कायनेटिक इंजिनिअरिंगच्या अहिल्यानगरच्या कारखान्यात वेल्ड होतो. दहा वर्षांनी तिची बॅटरी दमेल, तेव्हा ती त्याच गावातल्या मिस्त्रीला उघडता आली, तरच लूना खऱ्या अर्थाने परत आली असं म्हणता येईल.