आठवड्याचा एक तास

सुरतेहून धुळ्याकडे जाणारा राजमार्ग मुंबई–अहमदाबाद राजमार्गास जेथे छेदतो, तेथे कडोदरा वसले आहे. पलसाणा तालुक्यातील हे एकेकाळचे लहानसे खेडे. आज येथे नगरपालिका आहे, कापड रंगविण्याच्या आणि छापण्याच्या गिरण्या आहेत, यंत्रमाग आहेत. आणि त्यांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारी माणसे ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार आणि आपल्या खानदेशातून आलेली आहेत. या परिसरातील एका सरकारी शाळेचे आम्ही मुख्याध्यापक. मराठी घेऊन एम. ए. झालो, परंतु नोकरीची सारी वर्षे गुजराती माध्यमाच्या शाळेत गेली, आणि त्याचा आम्हांस कधी खेद वाटला नाही. खेद वाटला तो एका निराळ्याच गोष्टीचा. ती सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रविवारी सकाळी नंदुरबारकडील एक बाई आपल्या सातवीतल्या मुलास घेऊन आमच्या दारी आल्या. हातात घडी घातलेला एक सरकारी कागद होता. “गुरुजी, हाई काय लिखेल शे, देखा बरं,” असे म्हणून त्यांनी तो पुढे केला. गावाकडील वडिलोपार्जित जमिनीवर वारसांची नावे लावण्यासंबंधीची ती नोटीस होती. कागद घरी येऊन बरेच दिवस झाले होते. यजमान गिरणीत रात्रपाळीला, बाईंना अक्षरओळख नाही. म्हणून त्यांनी तो मुलाकडून वाचवून घेतला होता. मुलाने अक्षरे सगळी वाचली. “कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे” हे वाक्यही वाचले, आणि आईला सांगितले की, कोणी काही वाईट कृत्य केले असेल तर कळवा, असे यात म्हटले आहे. आपण तर काही वाईट केले नाही, म्हणून मायलेकरांनी कागद फळीवर ठेवून दिला.

आम्ही तो वाचला तेव्हा ध्यानी आले की, वारसांच्या यादीत मुलाच्या वडिलांचे नावच नाही, आणि मुदत संपण्यास दोन दिवस उरले आहेत. यजमानांना झोपेतून उठविले, कागद समजावून दिला, हरकतीचा अर्ज लिहून दिला. त्याच रात्रीच्या गाडीने ते गावी गेले आणि अर्ज मुदतीत पोहोचला. काम झाले, हे खरे. परंतु आमचे मन स्वस्थ होईना. हा मुलगा आमच्याच शाळेत वर्गात पहिला येणारा. त्याच्या गुजराती निबंधाचे आम्ही स्वतः प्रार्थनेच्या वेळी कौतुक केलेले. असा मुलगा आईच्या भाषेतला एक कागद वाचू शकतो, पण समजू शकत नाही. आणि त्यापायी घरची जमीन जाण्याची वेळ येते!

यात मौज अशी की, ‘हरकत’ हा शब्द त्यास ठाऊक नव्हता असे नाही. गुजरातीत ‘हरकत नथी’ असे तो दिवसातून दहा वेळा म्हणत असेल. आणि तेथे त्याचा अर्थ आपल्यासारखाच, अडचण किंवा विरोध, असा होतो. पण कागद देवनागरीत होता. देवनागरी म्हटली की त्यास शाळेतले हिंदीचे पुस्तक आठवे, आणि हिंदीत ‘हरकत’ म्हणजे वागणूक, बहुधा वाईट वागणूक. लिपी एका भाषेकडून शिकली, शब्द दुसरीकडून, आणि तिसरी, जी घरात होती, ती कोणी शिकविलीच नाही. ‘शिक्षा’ या शब्दाचेही असेच. मराठी आणि गुजराती घरांत तिचे भय वाटते, हिंदी घरात तीच सन्मानाने दिली जाते!

शाळेस दोष देऊन चालणार नाही. गुजराती माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलास गुजराती, हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत अशा चार भाषा असतात. ज्या राज्याचे अन्न आपण खातो त्या राज्याची भाषा आपल्या मुलांस उत्तम आलीच पाहिजे. २०२३ साली गुजरात विधानसभेने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती सर्व शाळांत सक्तीची केली, ते योग्यच झाले. सुरत महानगरपालिका शहरात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते; परंतु कडोदरा त्या हद्दीबाहेर. २०११ च्या जनगणनेत गुजरातमध्ये मराठी ही मातृभाषा सांगणारे ९ लाखांहून अधिक होते, आणि अहिराणी बोलणाऱ्यांची गणना तर ‘खानदेशी’ या वेगळ्या नावाखाली होते. इतक्या साऱ्या घरांस पुरेल एवढी व्यवस्था शाळा कोठून करणार? मुलाच्या दप्तरात पाचव्या भाषेस जागा नाही. ती जागा घरातच काढावयास हवी.

विचार करता करता एक गोष्ट आम्हांस उमगली. सहावी–सातवीतल्या मुलाजवळ मराठीस लागणारे जवळजवळ सारे साहित्य आधीच असते. देवनागरी त्यास हिंदीने दिलेली असते. तीन लिंगे, जी हिंदीत नाहीत, ती गुजरातीने दिलेली असतात. ‘ळ’चा उच्चार गुजरातीने दिलेला असतो, परंतु हिंदीच्या वर्णमालेत ते अक्षर नसल्याने देवनागरी ‘ळ’ तेवढा नवा असतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य नवा असतो. ‘चमचा’ आणि ‘चाक’ यांतले दोन निराळे च कानास ओळखीचे करून द्यावे लागतात. शब्दसंग्रह आईने दिलेला असतोच. म्हणजे तुटते ते एवढ्यावरच! लहान मुलास हे जमत नाही, कारण त्याची देवनागरी कच्ची असते. आणि नववी–दहावीत परीक्षेचे ओझे येते. मधली तीन वर्षे हीच खरी संधी. यास्तव रोज नव्हे, आठवड्यास एक तास पुरतो, असे आम्ही मनाशी ठरविले.

असा हा वर्ग आमच्या घराच्या ओट्यावर सुरू झाला. शाळेशी त्याचा संबंध नाही, फी नाही, परीक्षा नाही. नियम एकच: मुलाबरोबर घरातले एक मोठे माणूस आलेच पाहिजे, आई, वडील, आजी, काका, कोणीही. पाळी बदलते तसे माणूस बदलते. एका आठवड्यात वडील, दुसऱ्यात आई. पहिल्या रविवारी सहा मुले आली, आणि मोठी माणसे दोनच. पुढे हळूहळू जम बसला.

तासाचे आम्ही चार भाग केले. पहिली पंधरा मिनिटे मोठे माणूस बोलते आणि मुले ऐकतात: गावची जत्रा, बैलपोळा, विहीर खणली ती हकीकत, काहीही. पुढची पंधरा मिनिटे मूल तेच आपल्या शब्दांत सांगते. तिसऱ्या भागात ते लिहिते. चौथ्या भागात छापील मराठी मोठ्याने वाचायचे. वाचनासाठी ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके आणि १९७१ पासून निघत असलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक फुकट उतरवून घेता येतात. घरोघरी असलेला मोबाइल या एका कामी तरी आमचा मित्र ठरला. महिन्यातून एकदा कथा बाजूस ठेवून घरातला एखादा खरा कागद वाचतो: लग्नपत्रिका, सातबाराचा उतारा, एस. टी.चे वेळापत्रक, नाहीतर सरकारी नोटीस. ‘हरकत’ हा शब्द तर फळ्यावर पहिल्या दिवशीच लिहिला होता.

आता आमच्या हातून घडलेली चूकही सांगितली पाहिजे. एका मुलीने आपल्या आजीने सांगितलेली गोष्ट लिहून आणली. पहिलेच वाक्य होते, “आजी वावरमा गयी.” आम्ही सवयीने तांबडी शाई उचलली आणि वर लिहिले, “आजी शेतात गेली.” पानभर असेच चालले. आजी समोरच बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते, पण तांबडा रंग दिसत होता. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढचे दोन रविवार आजी आल्या नाहीत आणि नातही आली नाही. आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो, तेव्हा म्हाताऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “गुरुजी, आमचं बोलणं चुकीचं. ते कशाला लिहायचं?”

वाचकहो, आम्ही एम. ए.ला बहिणाबाई चौधरी अभ्यासिल्या होत्या. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या, शेतात राबणाऱ्या या स्त्रीस लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, त्या बोलत गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ते उतरवून ठेवले. बहिणाबाई १९५१ साली वारल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची कविता महाराष्ट्रापुढे आली. उतरवून घेणाऱ्याने तेव्हा आमच्यासारखी तांबडी शाई वापरली असती, तर काय उरले असते? आणि शास्त्र म्हणून पाहिले तरी ‘वावरमा’ यात चूक ती कसली? अहिराणीतला हा ‘मा’ आणि गुजरातीतला ‘मां’ सख्खे शेजारी आहेत. उलट, ती मुलगी दोन भाषांमधला पूलच लिहून आणत होती, आणि आम्ही तो खोडत होतो.

आम्ही आजींची क्षमा मागितली. त्या दिवसापासून वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली जाते. डाव्या बाजूस घरात बोलले तसे, उजव्या बाजूस प्रमाण मराठीत. डावी बाजू कधी तपासायची नाही, असा दंडक आहे. नवल असे की, उजवी बाजू त्यामुळेच लवकर सुधारली. कारण काय बदलायचे आहे ते मुलास स्वतःस दिसू लागले. आजी परत आल्या, आणि आता त्या तासभर आधीच येऊन बसतात.

ज्या रेल्वेमार्गाने ही कुटुंबे इकडे आली, तोच मार्ग आम्हांस आणखी एका गुरूची आठवण देतो. सुरतेहून निघालेला हा मार्ग नंदुरबारवरून अमळनेरास जातो. त्या अमळनेरात १९२४ ते १९३० पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळीत असत. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत. ‘श्यामची आई’ पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. दैनिक लिहिण्याइतके बळ आमच्यात नाही. पण महिन्यास एक चार पानी हस्तलिखित आमची मुले काढतात. त्यात डावी–उजवी दोन्ही मराठी असते आणि शेवटचे पान गुजराती. ते गिरणीतल्या खोल्यांतून हातोहात फिरते. गावी आजोबांकडे धाडण्यासाठी मुले त्याची नक्कलही करतात.

इतक्या भाषा मुलांस झेपतील का, असे पालक विचारतात. त्यांना आम्ही एका बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली गुजरातेत आला, तेव्हा त्यास धड अक्षरओळख नव्हती. त्यास मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी एकाच वेळी शिकविण्यात आल्या. तेच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले; पलसाणा तेव्हा त्यांच्याच नवसारी प्रांतात होते. १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आणि प्रजेची भाषा म्हणून गुजरातीचा त्यांनी तितकाच मान राखला. राजवाड्यात शिक्षक होते, आमच्याकडे ओटा आहे. पण बारा वर्षांचे डोके तेच आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला, आम्ही त्या रविवारी पेढेही वाटले. परंतु भाषेचा दर्जा सरकार देऊ शकते; तिला वाचणारा मात्र घरानेच द्यावा लागतो. बडोदे, इंदूर, हैदराबाद, आपण जेथे कोठे असाल तेथे घरात अकरा ते चौदा वर्षांचे मूल असेल, तर आठवड्याचा एक तास बाजूस काढावा. शिक्षक नसला तरी चालेल. आजीने बोलावे, नातवाने लिहावे, आणि कोणी तांबडी शाई हाती घेऊ नये.

ज्या मुलापासून ही हकीकत सुरू झाली, त्याचीच एक गोष्ट शेवटी सांगतो. मागच्या महिन्यात शेजारच्या खोलीत गावाकडून एक नोटीस आली. शेजारी ती घेऊन आमच्याकडे निघाले होते. वाटेत त्यांना तो भेटला. आमच्यापर्यंत कागद आलाच नाही.