तिहेरी शर्यत आणि घरांतील तास

पहिली लोकल गांठण्यासाठीं पहाटे दिवे लावणारीं घरें वसई-विरारच्या पट्ट्यांत पूर्वींपासूनच आहेत. वाडींतील फुलें आणि भाजी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघणाऱ्यांचा दिवसही त्याच सुमारास सुरू होतो. अलीकडे या लवकर उठणाऱ्यांत एका नव्या मंडळीची भर पडली आहे. तिच्या हातीं टोपली नसते कीं डबा नसतो. डोक्यावर शिरस्त्राण आणि खालीं बारीक चाकांची सायकल असते. कोणी बँकेंत, कोणी शाळेंत, कोणी दवाखान्यांत काम करणारीं हीं माणसें ट्रायॅथलॉनच्या तयारीला लागलेलीं असतात. वडीलधाऱ्यांना हें खूळ वाटतें, तरुणांना पराक्रम वाटतो. आमच्या मतें तो वेळेचा एक अवघड हिशेब आहे, आणि तो हिशेब एकट्याचा नसून सबंध घराचा आहे.

प्रथम शर्यतीचें स्वरूप सांगितलें पाहिजे. पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें हीं तिन्ही कामें याच क्रमानें, एकामागून एक पुरीं करावयाचीं. मध्यें कपडे-जोडे बदलण्यांत जाणारा वेळही हिशेबांत धरला जातो. या नांवाची शर्यत १९७४ सालीं अमेरिकेंत सॅन डिएगो येथें झाली. पुढें हवाई बेटांवर जॉन कॉलिन्स या आरमारी अधिकाऱ्यानें, पोहणारा, सायकलस्वार आणि धांवणारा यांत अधिक कणखर कोण या वादाचा निकाल लावण्यासाठीं, तेथील तीन निरनिराळ्या शर्यती एकत्र जोडल्या. १९७८ च्या फेब्रुवारींत पंधरा जण निघाले, बारा जणांनीं शेवट गांठला. ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धांवणें, हीच ती ‘आयर्नमॅन’. आज तिला साधारणतः सतरा तासांची मुदत असते. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकांत या खेळाचा प्रवेश झाला, तो मात्र पुष्कळ आटोपशीर रूपांत, म्हणजे १.५, ४० आणि १० किलोमीटर. नवशिक्यांसाठीं याच्याही निम्मी शर्यत असते व प्रत्येकानें तेथूनच आरंभ करावा. पण आपल्याकडे शेंड्यापासून झाड चढण्याची हौस दांडगी!

मराठी घरांत हें नांव विशेषेंकरून पोंचलें तें मिलिंद सोमण यांच्यामुळें. २०१५ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनीं झुरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. ते तरुणपणीं राष्ट्रीय दर्जाचे पोहणारे होते, हें कौतुक करणारे बहुधा विसरतात. पुण्याचे कौस्तुभ राडकर हेही मूळचे पोहणारेच. अशा अनेक शर्यती पुऱ्या करून त्यांनीं इतरांस शिकविण्याचें काम पत्करलें. २०१९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास मिरामारच्या किनाऱ्यावर या शर्यतीची अर्धी आवृत्ति भरली (१.९, ९० आणि २१.१ किलोमीटर), आणि परदेशाचें भाडें न भरतां ही हौस पुरविण्याची सोय झाली.

वसई-विरारांत २०११ सालीं महापौर मॅरेथॉन सुरू झाल्यापासून धांवण्याची गोडी बरीच पसरली. धांवणारा मनुष्य तिहेरी शर्यतीकडे वळला कीं त्याला पहिलें अडतें तें पाणी. वाडींतल्या बावखलांत नाहींतर विहिरींत लहानपणीं हातपाय मारलेले असतात. परंतु मान कडेला वळवून श्वास घेत अर्धा-पाऊण तास एका लयींत पोहणें ही निराळी विद्या आहे, आणि ती तरणतलावांत शिक्षकाच्या नजरेखालींच शिकावी. अर्नाळ्यापासून राजोडी, कळंब, भुईगांवपर्यंत समुद्र हाताशीं आहे, तेव्हां सराव फुकटांत होईल असें वाटणें साहजिक आहे. तो मोह आवरावा. उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस उल्हासची, आणि मधला किनारा सपाट. ओहोटीचें पाणी दूरवर मागें हटतें आणि हटतांना मनुष्यालाही आपल्याबरोबर ओढतें.

समुद्रांत उतरावयाचेंच असेल तर सराईत सोबत हवी, स्थानिक कोळ्यांना विचारून उतरावें, आणि भरतीचा हिशेब ठाऊक हवा. ज्या घरांत पंचांग आहे त्या घरांत तो आहेच. तिथीचा आंकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी. येतील ते तास म्हणजे पूर्ण भरतीची स्थूल वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. शुद्ध पक्षांत तेंच, वद्य पक्षांत तेंच, आणि दिवसां व रात्रीं दोन्ही खेपेस. चंद्र रोज पाऊण तासाहून किंचित अधिक उशिरां माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तितकीच मागें सरते. अष्टमी ते दशमी या तिथींना सकाळीं उजेडांत भरती मिळते, शिवाय त्या दिवसांत पाण्याला पौर्णिमा-अमावास्येचें उधाण नसतें. नेमकी मिनिटें छापील कोष्टकावरून घ्यावीं. पावसाळ्यांत मात्र कोणत्याही तिथीला समुद्राचें नांव काढूं नये.

सायकलीची गोष्ट याहून कठीण. न थांबतां तीन-चार तास जाईल असा रस्ता म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि तेथें मालमोटारींची रांग. निर्मळ-आगाशीकडील सांवलीचे रस्ते रम्य आहेत, पण अरुंद. महामार्गावर जावयाचें तर चार-सहा जणांनीं मिळून, पुढें-मागें दिवे लावून जावें. एकट्यानें जाणें हें धाडस नव्हे, घरच्यांच्या जिवाला घोर आहे.

खाण्याच्या बाबतींत वसईकर भाग्यवान. शरीरांतील साखरेचा सांठा दीड-दोन तासांच्या जोरकस श्रमाला पुरतो; त्यापुढें तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटांत जावी लागते. यासाठीं बाजारांत गोड चिकट लेपाच्या पुड्या महागांत मिळतात. एका मध्यम केळ्यांत सुमारें २५ ग्रॅम मिळतें. आणि राजेळी केळ्यांचीं उन्हांत वाळविलेलीं सुकेळीं तर खिशांत चिरडतही नाहींत. किनाऱ्यावरील दमट हवेंत घाम वाळत नाहीं, नुसता वाहतो, व त्याबरोबर मीठ जातें. अशा वेळीं केवळ पाणीच पाणी पीत राहणें घातक; लिंबाच्या सरबतांत मीठ विसरूं नये. लांबच्या सायकलीच्या दिवशीं एकादशी आली तर निदान साबुदाण्याची खिचडी तरी नाकारूं नये. पिष्ट तिच्यांत भरपूर असतें, आणि आजींचा उपास या एका कामीं शास्त्राशीं अगदीं जुळतो.

आतां तासांचें पाहूं. अर्ध्या शर्यतीसाठीं पांच-सहा महिने, आठवड्याला आठ ते दहा तास द्यावे लागतात. सकाळीं सातची लोकल धरून रात्रीं आठाला परतणाऱ्या गृहस्थाजवळ हे तास मुळांतच नसतात. ते कोणाच्या तरी वांट्यांतून काढले जातात. रविवारीं तो पहाटे निघतो, दहाला परततो, दुपटीनें जेवतो आणि दुपारभर घोरतो. त्या दिवशीं दळण कोणी आणलें, आजोबांना देवळांत कोणी नेलें, मुलाचें गणित कोणी घेतलें, घामाचे कपडे कोणी धुतले, हें विचारावें. म्हणजे त्या पदकावर आणखी किती नांवें हवीं होतीं तें कळेल. एकत्र कुटुंबांत ओझें वांटलें जातें असें म्हणतात. बहुधा तें वांटलें न जातां धाकट्या सुनेकडे सरकतें.

याच घरांतील सुनेनें उद्यां म्हटलें, “सासूबाई, मीही नांव घालतें, मंगळवारीं आणि गुरुवारीं पहाटे तलावावर जाईन, त्या दिवशींचे डबे दुसऱ्या कोणी करावे,” तर काय होईल? शर्यतीचें अंतर स्त्रीपुरुषांस एकच आणि मुदतही एकच. पोषाखाची हरकत लवकर मिटते, कारण अंगभर पोहण्याचे पोषाख आतां सर्रास मिळतात. पहाटेच्या रस्त्याची भीति खरी आहे, व तिला सोबत हाच उपाय. डब्यांचें मात्र कोणी बोलत नाहीं, आणि खरी अडचण तीच असते. आमची सूचना अशी कीं, मुलानें स्वतःच्या तासांचा कागद वडील मंडळींपुढें ठेवतांना त्यावर पत्नीचेही तास लिहावे, तिनें ते पोहण्यांत घालवावे कीं वाचनांत हा तिचा प्रश्न; आणि परतफेडही तेथेंच कबूल करावी. शनिवारचा बाजार त्याचा, सायकलीच्या रविवारीं रात्रीचा स्वयंपाक त्याचा.

हा कागद करतांना पंचांग पुन्हां उघडावें. गोव्याची शर्यत आजवर ऑक्टोबर-नोव्हेंबरांत भरत आली आहे; म्हणजे सर्वांत जड सराव येतो तो श्रावणापासून नवरात्रापर्यंत. समुद्र खवळलेला, रस्ते खड्ड्यांचे, घर पाहुण्यांनीं भरलेलें. गौरीजेवणाचा दिवस नेमका रविवारीं आला, तर पहाटे ८० किलोमीटर सायकल करून आलेला मनुष्य बारा वाजतां पंगतींत बसणार कीं वाढणार, एवढें शर्यतीचे पैसे भरण्यापूर्वींच ठरवून घ्यावें.