पांढरी मूर्ती करडी का येते?

पेण आणि रोहा परिसरात छायाचित्रणाचा छंद असलेल्या माणसाला विषयांची वाण पडत नाही. पेण शहरात आणि हमरापूर-जोहे भागात गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. खाडीकाठी कांदळवने आहेत आणि भातखाचरांत बगळे आहेत. रोह्याला कुंडलिका नदी, अवचितगड आणि दसऱ्याच्या सुमारास निघणारी धावीर महाराजांची पालखी आहे. या भागातील शिक्षक आणि विद्यार्थी आम्हाला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: कॅमेरा कोणता घ्यावा? आमचे उत्तर त्यांना थोडे निराश करते. हाती असलेला कॅमेरा किंवा मोबाईल प्रकाश कसा मोजतो हे आधी समजून घ्यावे, खरेदीचा विचार त्यानंतर करावा.

याला कारण आहे. कारखान्यात रंगकामापूर्वी पांढरा हात दिलेल्या मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात. त्यांचा फोटो घेतला की तो मळकट, करडा येतो. अवचितगडाच्या काळ्या कातळापुढे मुलांना उभे केले, तर चेहरे पांढरेफटक येतात. दोन्ही वेळा दोष कॅमेऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात कॅमेऱ्याने त्याला सांगितलेले काम चोख केलेले असते.

कॅमेऱ्याचे गृहीतक

वस्तूवरून परावर्तित होऊन भिंगात शिरणारा प्रकाश कॅमेरा मोजतो. समोर पांढरी वस्तू मंद प्रकाशात आहे की करडी वस्तू भरपूर प्रकाशात, हे त्या एका मापावरून कळणे शक्य नसते. म्हणून प्रकाशमापक एक गृहीतक धरतो: समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवते. झाडे, माती, घरे आणि माणसे असलेल्या सामान्य दृश्यात हे बऱ्यापैकी जुळते. पांढरा पृष्ठभाग मात्र ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवतो. त्याने चौकट भरली, की कॅमेरा प्रकाश जास्त आहे असे समजून तो कमी करतो आणि पांढऱ्याचे करडे होते. काळ्या दगडाच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते.

हे वर्गात पडताळून पाहता येते. पांढरा कागद, तपकिरी पुठ्ठा आणि काळी पाटी खिडकीजवळ एकाच प्रकाशात ठेवा. प्रत्येकाने पूर्ण चौकट भरेल असा एकेक फोटो स्वयंचलित पद्धतीने घ्या. फ्लॅश बंद असावा. साध्या कॅमेऱ्यात तिन्ही फोटोंचा उजळपणा जवळपास सारखा येईल. मोबाईल आतल्या आत बरीच दुरुस्ती करतात, त्यामुळे तिथे थोडा फरक राहील. मग प्रत्येक फोटोच्या तपशिलात शटरचा वेळ, छिद्र आणि आयएसओ पाहा. छिद्र व आयएसओ तेच असतील आणि पाटीसाठी शटर कागदाच्या सोळापट वेळ उघडे राहिले असेल, तर पाटी कागदाच्या सुमारे सोळाव्या हिश्शाइतकाच प्रकाश परावर्तित करते. अशा रीतीने कॅमेरा हे परावर्तन मोजण्याचे उपकरणही होते.

यावरचा उपाय जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात अधिक-उणे चिन्हाच्या बटणात असतो. मोबाईलवर पडद्याला बोट लावले की सूर्याचे चित्र येते, ते वरखाली सरकवायचे. अधिक १ म्हणजे दुप्पट प्रकाश, उणे १ म्हणजे निम्मा. पांढऱ्या मूर्तींनी चौकट भरली असेल तर अधिक १ ते दीडपासून सुरुवात करावी.

‘पांढऱ्याला अधिक’ असे पाठ करून मात्र चालणार नाही. खाडीकाठी कांदळवनाच्या गर्द भिंतीपुढे एकच बगळा बसलेला आहे. येथे चौकटीचा बहुतेक भाग गडद आहे. कॅमेरा त्या भागाला करडा करण्यासाठी प्रकाश वाढवतो आणि बगळ्याच्या पिसांचा सारा तपशील नाहीसा होतो. येथे उणे १ करावे लागते. वस्तू दोन्हीकडे पांढरीच, पण चिन्हे विरुद्ध. म्हणून नियम असा लक्षात ठेवावा: चौकटीत एकूण काय भरले आहे ते आधी पाहा. शंका असल्यास किंचित गडद फोटो घ्या. अंधारा भाग नंतर थोडाफार उजळता येतो, पण जिथे संवेदक भरून वाहिला तिथला तपशील परत मिळत नाही.

तीन नळ, एक हंडा

प्रकाशाचे प्रमाण तीन गोष्टींनी ठरते. छिद्र म्हणजे नळाची रुंदी. शटरचा वेळ म्हणजे नळ किती वेळ उघडा ठेवला ते. आयएसओने पाणी वाढत नाही. जमलेल्या पाण्याचे माप फक्त मोठे करून दाखवले जाते.

छिद्राचा आकडा हा भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास असा असतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ/२ वर २५ मिलिमीटरचे छिद्र मिळते, एफ/४ वर साडेबाराचे. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथा हिस्सा होते. एफ/२, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही विचित्र वाटणारी मालिका यातूनच आली. प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दोनच्या वर्गमूळाइतक्या पट आहे आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. शटरही असेच चालते: १/१२५, १/२५०, १/५००. म्हणून एका ठिकाणी एक पायरी घेतली, की दुसरीकडे एक पायरी देऊन हिशेब जुळवता येतो.

आयएसओ वाढवण्याची किंमत सांख्यिकीत आहे. संवेदकाच्या एका घरात सरासरी १०,००० प्रकाशकण पडले, तर त्यात सुमारे १०० चा चढउतार असतो, म्हणजे १ टक्का. १०० च कण पडले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. अंधारातल्या फोटोत दिसणारी रवाळ खर मुख्यतः येथून येते. महागड्या कॅमेऱ्यालाही हा नियम चुकवता येत नाही.

चार प्रसंग

*मूर्तीचा कारखाना.* ३५ मिलिमीटर फिल्मइतका संवेदक आणि ५० मिलिमीटरचे भिंग असेल, तर १ मीटरवरच्या मूर्तीत एफ/२ वर फक्त साडेचार सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. सोंड स्पष्ट आली तर कान अस्पष्ट येतात. एफ/८ वर ही खोली सुमारे १८ सेंटिमीटर होते, पण प्रकाश सोळाव्या हिश्शावर येतो. मूर्ती हलत नाही. म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवावा, आयएसओ १०० ते २०० ठेवावा आणि शटर हवे तितके हळू चालू द्यावे.

डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा हात मात्र हलतो. तेथे एफ/४, १/१०० सेकंद आणि आयएसओ १६०० येथून सुरुवात करावी. १/१०० सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, त्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर याहून जलद चालवले, तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. १/१०० किंवा १/५० ठेवले की पट्टे टळतात. दाराचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र असतील तर रंग बिघडतो. शक्य असल्यास एकच प्रकार चालू ठेवावा आणि पांढऱ्या कागदावर रंगसंतुलन करून घ्यावे. कारागिराची परवानगी आधी घ्यावी आणि त्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये.

*कोलाडची कुंडलिका.* भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून पाणी सुटले की सकाळी येथे राफ्टिंग चालते. वल्ह्याने उडालेला थेंब सेकंदाला ५ मीटर जात असेल, तर १/५० सेकंदात तो १० सेंटिमीटर सरकतो आणि फोटोत रेघ दिसते. १/१००० सेकंदात तो ५ मिलिमीटरच सरकतो. स्वच्छ उन्हाचा जुना नियम असा: एफ/१६ ला शटर म्हणजे १ भागिले आयएसओ. आयएसओ १०० ला सुमारे १/१२५. तेथून १/१००० म्हणजे तीन पायऱ्या, म्हणून छिद्र तीन पायऱ्या उघडून एफ/५.६. हे गणित आठवीच्या मुलांना तोंडी जमते.

*रात्रीची पालखी.* माणसे चालत असतात, त्यामुळे तिपाईचा उपयोग कमी. मोठे छिद्र, १/१२५ सेकंद आणि आयएसओ ३२०० ही सुरुवात. फोटो थोडा रवाळ आला तरी चालेल, हललेला चेहरा मात्र कशानेही सुधारत नाही.

*फणसाडचे शेकरू.* १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्यात लांब पल्ल्याचे भिंग लागते. हातात कॅमेरा धरून फोटो घेताना शटर निदान १ भागिले नाभीय अंतर इतके जलद हवे. ३०० मिलिमीटरला १/३०० किंवा त्याहून जलद. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात आणखी जलद. भिंगात कंपरोधक सोय असली तरी ती आपला हात सावरते, शेकरूची उडी थांबवत नाही.

काय घ्यावे, कसे जपावे

शाळेसाठी खरेदीचा क्रम आम्ही असा सांगू: आधी दणकट तिपाई, मग चांगल्या स्थितीतला वापरलेला कॅमेरा, मग ५० मिलिमीटर एफ/१.८ चे भिंग. वन्यजीवांसाठी लांब भिंग सर्वांत शेवटी. मोबाईलच असेल तर त्याला धरणारी पकड आणि तिपाई एवढ्यानेही पुष्कळ काम होते. बहुतेक मोबाईलमध्ये छिद्र बदलता येत नाही, शटर आणि आयएसओ मात्र अनेकांत बदलता येतात.

कोकणात साहित्याचा खरा शत्रू बुरशी आहे. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. ती ६५ टक्क्यांच्या वर राहिली की भिंगावर बुरशी वाढू लागते आणि तिच्या स्रावाने काचेवरचा लेप कायमचा खराब होतो. कातडी किंवा कापडी पिशवी ओल धरते, म्हणून साहित्य त्यात ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी पुरते. रंग बदलला की जेल मंद आचेवर तापवून कोरडे करावे. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवून नोंद ४० ते ५० टक्क्यांत राहील असे पाहावे. ही नोंद घेण्याचे काम विद्यार्थ्यांकडे द्यावे. खाडीवरून आल्यावर कॅमेऱ्याचे अंग किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे, कारण वाऱ्याबरोबर आलेले मीठ हवेतली ओल ओढून घेते.

पुढच्या गणेशोत्सवापूर्वी कागद, पुठ्ठा आणि पाटीचा प्रयोग वर्गात करावा आणि मगच मुलांना कारखान्यात न्यावे. प्रत्येक फोटोबरोबर छिद्र, शटर, आयएसओ आणि अधिक-उणे वहीत लिहून घ्यायला सांगावे. फोटो करडा आला तर त्याचे कारण त्या नोंदीतच सापडेल, आणि ते शोधून काढणाऱ्या मुलाला पुढच्या फोटोसाठी नव्या कॅमेऱ्याची गरज वाटणार नाही.