पांचव्याच झुंजींत जगज्जेता

केवळ पांचव्या धंदेवाईक झुंजींत जगज्जेतेपद! ही अतिशयोक्ति वाटेल. परंतु जपानच्या कोसेई तानाका या एकोणीस वर्षांच्या मुष्टियोद्ध्यानें २०१५ सालीं हें करून दाखविलें. त्यापूर्वीं काझुतो इओकानें २०११ सालीं सातव्या, तर नाओया इनोउएनें २०१४ सालीं सहाव्या झुंजींत हा मान मिळविला होता. जपानचा पहिला जगज्जेता योशिओ शिराई १९५२ सालीं विजयी झाला, तेव्हां तो २८ वर्षांचा होता.

या वेगाचें कारण काय? हलक्या वजनाच्या गटांत प्रतिस्पर्धी थोडे. शिवाय २०१३ पासून जपानी मंडळानें दोनांऐवजीं चार जागतिक संस्थांचीं पदें मान्य केलीं. पण खरें मूळ घरांत आहे. इनोउए बाळपणापासून वडिलांच्या हाताखालीं शिकला. पहिल्या धंदेवाईक झुंजीपूर्वीं हौशी सामन्यांत त्याची कित्येक वर्षें खर्ची पडलीं होतीं.

आणि वेग म्हणजे अभय नव्हे. जोइचिरो तात्सुयोशी १९९१ सालीं आठव्या झुंजींत जगज्जेता झाला; परंतु डोळ्याच्या दुखापतीनें वर्षभर त्यास बसून राहावें लागलें, आणि परततांच पहिल्या झुंजींत पद गेलें.

वाचकहो, मुलांच्या यशाची घाई आपणां सर्वांनाच असते. जग पांच झुंजी मोजतें. त्यांमागचीं वर्षें मात्र आईबापांनींच मोजावयाचीं असतात.